आक्कांनी नापास केलेला चाकू

मालकांनी कामाच्या टेबलावर चार घडीचे चाकू ओळीने मांडले आणि म्हणाले, "आक्का, संध्याकाळपर्यंत यातला एक निवडा. बारा घेतोय. यापुढे कलमाच्या शेडमध्ये सगळ्यांच्या हातात एकच चाकू दिसला पाहिजे."

आक्कांनी मान डोलावली, पण त्यांची नजर चाकूंवर नव्हती. मालकांच्या वरच्या खिशातून एक घडी केलेला कागद डोकावत होता, तिथे होती. त्या कागदात काय आहे हे शेडमधल्या बाराही जणांना ठाऊक होतं, कारण मालकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. गेल्या हंगामात कुणाची शंभरातली किती कलमं लागली, त्याची ती यादी होती. सगळ्यांत वर आक्का, पंच्याण्णव. सगळ्यांत खाली आक्कांची सून, एक्केचाळीस. आणि सगळ्यांत खालच्याने सोमवारपासून कलमाचा बाक सोडून मागच्या आवारात पिशव्यांत माती भरायला जायचं, असं मालकांनी ठरवलं होतं.

पिशव्या भरणं काही कमीपणाचं काम नव्हे. पण सुनेचा जीव होता कलमांत. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात ती सासूच्या मागोमाग या रोपवाटिकेत आली आणि गेली सहा वर्षं बाकाच्या टोकाला बसून मुकाट्याने काड्या कापत होती. लागलेल्या कलमाला पहिलं पान फुटलं की ती कुणी बघत नाही असं पाहून त्याला बोट लावून यायची. आक्कांनी ते पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण कौतुक करावं तर आकडा एक्केचाळीस.

कलम म्हणजे तशी साधी गोष्ट. चांगल्या नासपतीची काडी घ्यायची, रानटी नासपतीचा खुंट घ्यायचा, दोघांना सारखाच तिरपा काप द्यायचा, काप एकावर एक बसवून पट्टीने आवळायचं. झालं. पण तो काप काचेसारखा सपाट हवा. मध्ये केसाएवढी फट राहिली की काडी वाळते, मग तुम्ही वरून कितीही प्रेमाने पाणी घाला. आक्का डावऱ्या होत्या, पण त्यांचा काप असा सपाट यायचा की दोन तुकडे जोडल्यावर सांधा बोटाला लागत नसे. शेडमध्ये सगळे म्हणायचे की आक्कांचा हातगुणच तसा आहे. आक्का वरवर "काही नाही रे, सवय" म्हणायच्या आणि आतून सुखावायच्या. एकतीस वर्षं असं ऐकल्यावर कोण सुखावणार नाही?

शेडमधल्या सगळ्यांना काम शिकवलं होतं तेही आक्कांनीच. इतर जण बाजारातले साधे घडीचे चाकू वापरत, ज्याला जो परवडेल तो. सुनेचं मात्र वेगळं होतं. ती कामावर आली त्या दिवशी आक्कांनी स्वतःच्या चाकूसारखा, त्याच बनावटीचा, खास कलमाचा चाकू तिला आणून दिला होता. घरच्या सुनेच्या हातात दहा जणांसारखा टुकार चाकू कसा द्यायचा? तेव्हा चाकू सगळ्यांत भारी आणि कलमं सगळ्यांत वाईट. आक्कांनी यातून सरळ हिशेबाने निष्कर्ष काढला होता: हत्यार माझ्यासारखंच, शिकवणारी मीच, तर मग खोट हातातच असणार. "तुझ्या हाताला गुण नाही गं," असं त्या सहा वर्षांत किती वेळा म्हणाल्या असतील याची मोजदाद नव्हती. रागाने नाही, कीव येऊन. कीव रागापेक्षा जास्त लागते, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

तर चाकू. आक्कांनी ओलं पोतं टाकलेली काड्यांची बादली जवळ ओढली, चष्मा पुसला आणि परीक्षेला बसल्या.

पहिला चाकू लाल मुठीचा. त्यात पातं होतं, कात्री होती, डबा उघडायचा आकडा होता, स्क्रू पिळायचं टोक होतं, एवढंच काय, दात कोरायची काडीसुद्धा होती. शेडमधल्या सगळ्यांत उंच माणसाला, ज्याला सगळे लंबू म्हणत, ती काडी फार आवडली आणि त्याने ती लगेच वापरून पाहिली. आक्कांनी ती त्याच्याकडून परत घेतली नाही. पातं चांगलं होतं, पण आखूड, आणि मूठ इतक्या हत्यारांनी फुगलेली की अर्ध्या तासात तळहाताला वळ.

"याला अकरा कामं येतात," आक्का म्हणाल्या. "बारावं येत नाही, ते आपलं."

दुसरा लाकडी गोल मुठीचा, साधासुधा, किमतीने सगळ्यांत कमी. मुठीच्या तोंडाशी एक कडं होतं. पातं उघडून कडं फिरवलं की पातं जागचं हलत नसे. आक्कांनी तो दोन्ही बाजूंनी हलवून पाहिला, कानाशी नेऊन पाहिला, बंद करताना पातं मुठीच्या बरोब्बर मध्ये जातं का ते पाहिलं. जात होतं. पोलाद मऊ, म्हणजे धार लवकर जाणार, पण दगडावर चार हात मारले की परतही येणार. मग त्यांनी तो पाण्यात बुडवला आणि चहा होईपर्यंत तसाच ठेवला. चहा झाल्यावर पाहतात तर लाकूड फुगून बसलेलं, आणि चाकू उघडायला लंबूला बोलवावं लागलं. कलमाच्या शेडमध्ये दिवसभर हात ओले. तरीही किंमत पाहता आक्कांनी त्याला पास केलं. गरिबाला थोडं सांभाळून घ्यावं लागतं.

तिसरा काळा, जड, अंगठ्याने ढकलला की खट्कन उघडणारा. लंबूने तो दहा वेळा उघडला आणि दहाही वेळा इकडेतिकडे पाहिलं, कुणी घाबरलं का म्हणून. पातं मात्र कुऱ्हाडीच्या जातीचं. काडी कापण्याऐवजी चिरफाळत होतं. आक्कांनी तो एका काडीतच बाजूला सारला. भांडायला जायचं असेल तेव्हा बघू, म्हणाल्या.

चौथ्याला हात लावला आणि आक्का खुश झाल्या. अक्रोडाची मूठ, आत पितळी पट्ट्या, सरळ पातं, स्प्रिंग अशी की उघडताना ताण बोटाला जाणवावा आणि बंद होताना नुसता टक् आवाज यावा. ओल्या हातातून निसटत नव्हता. मुठीत कुठे फट नव्हती, म्हणजे चीक आणि माती साचायला जागा नाही. आणि खास कलमाचा, म्हणजे एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने उतार दिलेला. हुबेहूब त्यांच्या चाकूचा धाकटा भाऊ. किंमत दुसऱ्याच्या चौपट होती, पण आक्कांच्या मते चांगलं हत्यार एकदा रडवतं आणि वाईट हत्यार रोज.

त्यांनी डाव्या हातात तो धरला, काडी उजव्या हातात घेतली आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीने, अंगापासून दूर ढकलत, काप घेतला. पातं काडीत बुडी मारून खाली गेलं. काप आला तो चमच्यासारखा खोलगट. आक्कांनी दुसरी काडी घेतली. खोलगट. तिसरी, चौथी, पाचवी. एकही सपाट नाही.

"नाव मोठं, लक्षण खोटं," आक्का हळहळून म्हणाल्या आणि चौथा चाकू नापास झाला.

पण चाकू वापरणार होते सगळे. तेव्हा दुपारी आक्कांनी प्रत्येकाला प्रत्येक चाकूने तीन काड्या आणि तीन खुंट कापायला लावले. ज्याने त्याने आपल्या काड्यांवर आपली खूण करायची. दोरे बांधायला सून बसली: पहिल्या चाकूला लाल, दुसऱ्याला पांढरा, तिसऱ्याला काळा, चौथ्याला हिरवा. आक्का खिडकीशी बसल्या. काडी आणि खुंट यांचे काप एकमेकांवर ठेवायचे, उजेडासमोर धरायचे, फटीतून उजेड दिसला की नापास. ही त्यांची जुनी पद्धत होती आणि तिच्यात वशिला चालत नसे.

लाल दोरा, उजेड. काळा दोरा, भरपूर उजेड. पांढरा दोरा, थोडा उजेड, चालेल. मग हिरवा दोरा आला आणि उजेड दिसेना. आक्कांनी चष्मा काढून पुसला. पुढची जोडी हिरवीच, उजेड नाही. जो जन्मात कधी सरळ कापू शकला नव्हता त्या लंबूची जोडी, उजेड नाही. शेवटची हिरवी जोडी हातात घेतली तर सांधा बोटाला लागेना. तिच्यावर सुनेची खूण होती.

आक्का उठून सुनेपाशी आल्या. "तू दोरे उलटे बांधलेस."

"नाही बांधले, आक्का."

"मग हा चाकू मला कापत नाही आणि तुम्हाला सगळ्यांना कापतो, हे कसं?"

बाकावरचे हात थांबले. सून सहसा सासूला उलट बोलत नसे, आणि आताही बोलली नाही. तिने फक्त चौथा चाकू उचलला. "तुमच्यासमोर कापते," म्हणाली.

तिने उजव्या हातात चाकू धरला, आक्कांनीच शिकवलं होतं तसा अंगापासून दूर ढकलला, आणि काडीवरून एक लांब पातळ ढलपी गुंडाळी होऊन खाली पडली. खालचा काप ओल्या काचेसारखा चमकत होता. आक्कांनी चाकू तिच्या हातातून घेऊन स्वतः काप घेतला. चमचा. परत तिला दिला. काच. असं तीनदा झालं. लंबू म्हणाला, चाकूला माणसं ओळखता येतात की काय, पण त्या वेळी कुणी हसलं नाही.

आक्कांनी कमरेच्या पिशवीतून स्वतःचा चाकू काढला, उघडला आणि चौथ्याच्या शेजारी टेबलावर ठेवला. दोघांची टोकं एका दिशेला, दोघांच्या धारा एका दिशेला. मग त्या खाली वाकून बघत राहिल्या. त्यांच्या चाकूचा उतार वरच्या अंगाला होता. नव्याचा उतार खालच्या अंगाला. जोड्यातल्या डाव्या-उजव्या चपलेसारखे दोघे शेजारी पडले होते. आयुष्यभर त्यांनी जेवढे कलमाचे चाकू पाहिले त्या सगळ्यांचा उतार एकाच अंगाला होता, त्यामुळे कुठल्या अंगाला आहे हे बघायचं असतं, असं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. सुनेने खोका शोधून आणला. खोक्याच्या कडेला एक बारीक चित्र छापलेलं होतं, डाव्या हाताचं. दुकानदाराने चुकून डावऱ्या माणसाचा चाकू पाठवला होता.

म्हणजे शेडमधल्या एकुलत्या एक डावऱ्या बाईला जो चाकू कापत नव्हता, तो होता डावऱ्यांचा. आणि कापत होता सगळ्या उजव्यांना.

आक्का स्टुलावर बसल्या. त्यांना एकतीस वर्षांपूर्वीचा आपला पहिला हंगाम आठवला. तेव्हा शिकवणारा म्हातारा सगळ्यांसारखाच चाकू अंगाकडे ओढायला सांगायचा. आक्कांच्या डाव्या हातात तो उजव्यांसाठी केलेला चाकू ओढला की बुडी मारायचा. पूर्ण हंगामभर रडल्यावर त्यांनी एक दिवस चिडून तो उलटा, अंगापासून दूर ढकलला, आणि काप सपाट आला. उतार वर गेला होता, सपाट अंग काडीला लागलं होतं, एवढंच. पण का आला ते बघायला कुणाला वेळ होता? जमलं ना, बस्स. पुढे त्या शिकवायला लागल्या तेव्हा सगळ्या उजव्या हातांना त्यांनी तेच शिकवलं: ढकला, ओढू नका, अंगठा वाचतो. अंगठे वाचले खरे. कलमं मात्र वाळत राहिली. साध्या, दोन्ही अंगांनी सारख्या धारेच्या चाकूंवर निभत होतं कसंतरी. ज्या एकीच्या हातात त्यांनी हौसेने कलमाचा भारी चाकू दिला, तिचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं.

घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. पाच वाजता मालक येणार. आक्कांच्या मनात पहिला विचार आला तो काही फार थोर नव्हता. नुसतं "चौथा घ्या, खोक्यावर हे चित्र बघून घ्या," एवढं सांगितलं तरी काम भागत होतं. सून बाकावर राहील, कलमं लागतील, सगळे म्हणतील आक्कांनी काय चाकू हेरला. आणि हातगुण जिथल्या तिथे. आक्कांना तो हातगुण सोडवत नव्हता. म्हातारपणी माणसाकडे असतं काय दुसरं?

मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती कापलेल्या काड्या गोळा करत होती, आणि आपला तो सपाट काप पुन्हा पुन्हा उजेडाकडे धरून पाहत होती, जणू दुसऱ्या कुणाचा आहे आणि आता परत मागायला येतील.

मालक आले. "कुठला निघाला, आक्का?"

"चौथा," आक्का म्हणाल्या. "पण आधी ती यादी बाहेर काढा. ती चूक आहे."

"आकडे मोजलेत आम्ही."

"आकडे बरोबर आहेत. नावं चुकलीत. वाळलेली सगळी माझ्या नावावर मांडा." आणि मग त्यांनी सगळ्यांसमोर, दोन्ही चाकू हातात घेऊन, पहिल्यापासून सांगितलं. सावकाश सांगितलं, मध्ये दोनदा घसा खाकरला, पण काही गाळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हातगुण बितगुण काही नाही. मला उलटं जमलं, मी उलटं शिकवलं. एवढ्यासाठी हिला पिशव्या भरायला लावाल तर मलाही लावा."

लंबूने दात कोरायची काडी तोंडातून काढली आणि म्हणाला, "म्हणजे आक्का, मी चांगला कारागीर आहे, असं म्हणायचं का?"

"तुझं वेगळं आहे," आक्का म्हणाल्या, आणि मग मात्र सगळे हसले.

मालकांनी यादी खिशातून काढली, उलटसुलट पाहिली आणि तिच्याच मागच्या बाजूला दुकानदाराचा नंबर होता म्हणून तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "तो डाव्या हाताचा चाकू पाठवलात ना, तसे अकरा द्या. बारा नकोत, अकरा." पलीकडून दुकानदार माफी मागायला लागला होता, तो थबकला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, तुमच्याकडे अकरा माणसं डावरी आहेत?"

"नाही. एकच आहे," मालक म्हणाले. "तिलाच नकोय."

फोन ठेवून त्यांनी यादीवर शेवटच्या नावावर रेघ मारली, आणि नव्या माणसांना यापुढे ओढून कापायला कोण शिकवणार असं विचारलं. आक्कांनी सुनेकडे बोट दाखवलं. आधी ती स्वतः शिकेल, म्हणाल्या, मग शिकवेल. तिला शिकायची सवय आहे.

सगळे हात धुऊन गेल्यावर सासू-सुना दोघीच उरल्या. सून ढलप्या झाडत होती. आक्का पट्ट्यांची रिळं लावायच्या निमित्ताने तिच्याभोवती घुटमळल्या. चारचौघांत बोलणं सोपं गेलं होतं. हे अवघड होतं.

"अगं," त्या शेवटी म्हणाल्या, "सहा वर्षं तुला म्हणत आले, तुझ्या हाताला गुण नाही म्हणून. चुकलं माझं. हात चांगलाच होता."

सुनेने झाडू भिंतीला टेकवला. तिच्या चेहऱ्यावर रडू होतं की हसू, ते आक्कांना नीट कळेना. "आक्का, एक सांगू? हसाल."

"सांग की."

"दोन वर्षं झाली, तुम्ही सकाळी लवकर निघता ना, त्यानंतर मी घरी डाव्या हाताने बटाटे सोलते. फांद्यासुद्धा कापून पाहते, डाव्या हाताने. मला वाटलं, तो गुण डाव्या हातातच असतो. तुमच्यासारखं व्हायचं तर हातच बदलायला हवा."

आक्का हसल्या नाहीत. लोकांनी एकतीस वर्षं त्यांची स्तुती केली होती, पण त्यांच्यासाठी कुणी आपला हात बदलायला निघालं नव्हतं. आणि ते त्यांच्याच घरात, त्यांच्या पाठीमागे चाललं होतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग कमरेच्या पिशवीतून स्वतःचा चाकू काढून उघडला आणि मुठीकडून पुढे केला.

"दाखव."

सुनेने डाव्या हातात चाकू धरला. पकड अवघडलेली होती, पण अंगठा बरोबर जागी होता. एक काडी कापली, एक खुंट कापला. आक्कांनी दोन्ही जोडून खिडकीकडे धरलं. एका अंगाला सांधा पक्का बसला होता आणि दुसऱ्या अंगाने उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"नापास," सून म्हणाली.

"थांब," आक्का म्हणाल्या. त्यांनी काडी खुंटावर किंचित एका कडेला सरकवली, साल सालीला भिडवली आणि पट्टी घेऊन खालून वर आवळत गेल्या. "एका कडेची साल जुळली तरी कलम लागतं."